माझे प्लॉट सोडून

गवत न ओळखणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणं ज्ञानदाला शक्यच नव्हतं, आणि टेक्सासातल्या प्लेनो शहराच्या मराठी मंडळात गवत ओळखणारं माणूस औषधालाही सापडलं नसतं. या लोकांच्या लेखी जगात गवत दोनच प्रकारचं, हिरवं आणि वाळलेलं. हिरवं म्हणजे चांगलं, वाळलेलं म्हणजे लॉनवाल्याला फोन करायचा. घरापुढच्या हातभर लॉनला पाणी पाजायचं, खत घालायचं, मग दर आठवड्याला त्याचीच हजामत करायची आणि तरी शेजाऱ्याच्या लॉनकडे बघून जळायचं. इथे यांचं वनस्पतिशास्त्र संपत होतं.

ज्ञानदा अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून टेक्सासात पीएचडी करायला आली होती. विषय होता चराऊ कुरणांची राखण. हा विषय ऐकला की मंडळातली माणसं आधी हसत आणि मग सावरून घेत. "म्हणजे तू ॲक्च्युअली गाईंच्या मागे फिरतेस? सो क्यूट यार!" एका बाईंनी तर शेजारणीशी तिची ओळख 'आपली गवतवाली' अशी करून दिली होती. ज्ञानदा त्यांच्याकडे बघून हसली होती. आतून ती म्हणत होती, बाई, तुमची सगळी बुद्धी एका थाळीत वाढली तरी माझ्या कुरणातल्या सगळ्यात बावळट कालवडीचं पोट भरणार नाही.

पण हसावं लागत होतं. कारण कुरण तिचं नव्हतं, गुरुनाथकाकांचं होतं.

गुरुनाथकाका मूळचे पुण्याचे, प्लेनोत एका मोठ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट. पन्नाशीत माणसाला जी खाज सुटते ती काकांना रँचची सुटली. प्लेनोहून उत्तरेला सव्वा तासावर, ओक्लाहोमाच्या हद्दीजवळ त्यांनी दोनशे एकर जमीन घेतली, तिला 'गोकुळ' नाव दिलं आणि अठ्ठावीस गाई सोडल्या. गाई निवडताना वेस्ली नावाच्या जाणत्या म्हाताऱ्यानं, जो आजही आठवड्यातले पाच दिवस तिथलं काम बघतो, त्यांना पाय बघा, कास बघा म्हणून सांगितलं. काकांनी वशिंड बघितलं. वशिंड असलं की आपली देशी वाटते. मग एकेकीला नदीचं नाव दिलं, गोदावरी, कृष्णा, भीमा, आणि दर शनिवारी नवी टोपी घालून कुंपणाशी फोटो काढले. पहिल्या दोन वर्षांत त्या गाईंनी सगळं रान बोडकं करून टाकलं. काकांना ते दिसलंसुद्धा नाही. जमिनीवर काहीतरी हिरवं उगवत होतं, म्हणजे सगळं ठीकच असणार.

तेव्हा ज्ञानदा तिथे आली. तिनं रानाचे आठ भाग पाडले आणि त्यांना विजेच्या तारेचं कुंपण घातलं. सगळा कळप एका वेळी एकाच भागात, चार-पाच दिवस. निम्मं गवत खाऊन झालं की पुढच्या भागात. मागच्या भागाला महिना-दीड महिना विश्रांती. गवताचं डोकं खाल्लं तर ते परत उगवतं, पण उगवायच्या आत पुन्हा खाल्लं तर मुळं झिजतात, एवढी साधी गोष्ट. तीन वर्षांत त्या बोडक्या रानात मूळचं गवत परत आलं. मांडीपर्यंत उंच, झुबक्या-झुबक्यांचं, आणि पानगळीच्या दिवसांत तांब्यासारखं लाल होणारं. ज्ञानदाला ते बघून खरोखर भरून यायचं. मंडळातली माणसं ते बघून विचारायची, "अरेरे, पाणी नाही का देत याला?"

तिचा सगळा प्रबंध सहाव्या भागात उभा होता. तिथे तिनं जाळीचे चोवीस पिंजरे ठोकले होते, गाईंचं तोंड पोचू नये म्हणून, आणि प्रत्येक पिंजऱ्याशेजारी एक उघडा चौकोन आखला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते सगळं कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. दोन वर्षांची कापणी झाली होती, ही तिसरी आणि शेवटची. त्याआधी कुणी ते चौकोन तुडवले, किंवा गुरुनाथकाकांचं डोकं फिरलं आणि त्यांनी 'बास झालं तुझं रिसर्च' म्हटलं, तर तीन वर्षं मातीत गेली असती. म्हणून ज्ञानदा काकांच्या टोपीचं कौतुक करत असे.

आणि नेमकी कापणीच्या तीन आठवडे आधी येणारी वसुबारस मंडळानं गोकुळात करायचं ठरवलं.

तिथीनं वसुबारस गुरुवारी होती. पण अमेरिकेत सण तिथीनं येत नाही, शनिवारी येतो. दीडशे माणसं येणार होती. खऱ्या गाईची, खऱ्या वासराची पूजा, मग जेवण, मग मुलांसाठी गवताच्या भाऱ्यांवर फोटो. मंडळाच्या ग्रुपवर दिवसाला ऐंशी मेसेज पडू लागले. गाय चावते का? वासराला ग्लुटेन चालतं का? गाईजवळ जाताना मुलांना हेल्मेट घालावं का? ज्ञानदानं तो ग्रुप म्यूट केला. ज्यांना गाईला वरचे पुढचे दात नसतात हे ठाऊक नाही ते गोमातेच्या आरतीला उभे राहणार, याहून मोठा विनोद तिला सुचत नव्हता.

तिनं गुरुनाथकाकांना स्पष्ट सांगितलं, "काका, एकच गाय आणि एकच वासरू बाहेर काढायचं. बाकी कळप पाचव्या भागात राहील. सहाव्यात कुणीही पाय टाकायचा नाही."

"डन," काका म्हणाले. "कृष्णाला घेऊ. तिचं वासरू दीड महिन्याचं आहे, शी इज व्हेरी फोटोजेनिक. आणि ऐक, तिला शुक्रवारी रात्रीपासून चारा नको. भुकेली असली की हातातून गोग्रास खाईल. नाहीतर एवढी माणसं येणार आणि ही तोंड फिरवणार. व्हेरी एम्बॅरसिंग."

गाय उपाशी ठेवून तिला आईसाहेब म्हणायचं! ज्ञानदाच्या ओठांवर आलं होतं. पण सहावा भाग वाचत होता. तिनं मान डोलावली.

शुक्रवारी पहाटे थंडीतलं पहिलं हिम पडलं, म्हणजे गवतावरचं दंव गोठलं. शनिवारी पुन्हा. ज्ञानदा सात वाजता रँचवर पोचली तेव्हा ओढ्याच्या खोलगट भागात गवताची पाती पांढरी पडली होती. तिनं वहीत तारीख, वेळ, तापमान लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'सहाव्या भागावर परिणाम नाही.' मग लाल फीत आणि खुंट्या घेऊन ती सहाव्या भागात शिरली. फाटकाला कुलूप घालून भागणार नव्हतं. ही माणसं कुंपणावरून फोन आत घालून फोटो काढणारी, फोन पडला की मागोमाग स्वतः पडणारी. तिनं एकेक चौकोन फितीनं बांधायला घेतला.

आठच्या सुमाराला कुंपणापलीकडून हाक आली. "ज्ञानदा, अगं बिझी आहेस का?"

शोभनाकाकू होत्या, गुरुनाथकाकांच्या बायको. पैठणी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात विळा. मंडळाच्या स्वयंपाकाचा आणि पूजेचा सगळा भार यांच्यावर. ज्ञानदानं काकूंना केव्हाच हिशेबातून वगळलं होतं. काकू कधी गवताबद्दल विचारायच्या नाहीत, रिसर्चबद्दल विचारायच्या नाहीत. "जेवलीस का?" हा त्यांचा एकमेव प्रश्न. बाकी वेळ त्या डब्यांची झाकणं शोधत फिरायच्या. नवऱ्याच्या मोठ्या घरात पंचवीस वर्षं फोडण्या घालून या बाईच्या डोक्यालाही फोडणीचाच वास येत असणार, असं ज्ञानदाचं मत होतं.

"बोला काकू," ती मान वर न करता म्हणाली. खुंटी कडक जमिनीत जात नव्हती.

"गोग्रासाला हिरवा चारा हवाय गं. दीडशे माणसं, प्रत्येकाला मूठभर तरी. इकडे सगळं लालच दिसतंय."

"हे लाल म्हणजे वाळलेलं नाही काकू. ते तसंच असतं."

"असेल. पण पूजेला हिरवं लागतं ना. तिकडे ओढ्याकाठी रस्त्यालगत खूप आहे, चांगलं हिरवंगार. थोडं कापून आणलंय बघ. पण मला मेलं ते ज्वारीसारखं दिसतंय. फुटव्यासारखं. आमच्याकडे मंगळवेढ्याला असलं जनावरापुढे—"

ज्ञानदाच्या हातातली खुंटी तिरपी झाली आणि फीत सुटली. ती वैतागली. आता ही बाई तिला मंगळवेढ्याच्या गोष्टी ऐकवणार होती. आजोळ, हुरडा, बैलजोडी, सगळी पाठ केलेली कॅसेट, आणि तीसुद्धा आज.

"काकू, ही अमेरिका आहे, तुमचं मंगळवेढं नाही," ती म्हणाली. "माझे प्लॉट सोडून कुठूनही कापा. प्लीज."

काकूंनी पेंढी काखेत मारली. मग म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकलेली आहेस, तुला कळतं." आणि विळा घेऊन ओढ्याकडे गेल्या.

ज्ञानदानं त्यांच्या हातातल्या पेंढीकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. रुंद पातं, मधोमध पांढरी शीर. ज्वारीची रानटी बहीण, इथल्या भाषेत जॉन्सन ग्रास. त्यावर हिम पडलं की पात्यात जहर तयार होतं, आणि उपाशी जनावरानं ते खाल्लं तर डॉक्टरला फोन लागेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. या विषयावर तिनं परीक्षेत पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण नजर वर करायची म्हणजे शोभनाकाकूंकडे बघायचं, आणि शोभनाकाकूंकडे बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

अकरा वाजता गाड्या येऊ लागल्या. एकेका गाडीतून झब्बे, साड्या, सनग्लासेस आणि कंटाळलेली मुलं उतरत होती. "इट स्टिंक्स," एका मुलीनं जाहीर केलं. तिच्या आईनं तिला गोमूत्राचं महत्त्व सांगितलं आणि स्वतः नाकाला ओढणी लावली. एक गृहस्थ ज्ञानदाला विचारू लागले, की एवढ्या जागेत सोलर लावलं तर गाईंपेक्षा जास्त फायदा नाही का होणार. ज्ञानदा सहाव्या भागाच्या फाटकाला पाठ लावून उभी होती. तिनं ठरवलं होतं की दिवसभर इथून हलायचं नाही. एका लहान मुलाचा चेंडू आत गेला तेव्हा तिनं स्वतः जाऊन, झुबक्यांमधून पाय उचलून टाकत, तो आणून दिला.

लांबून पूजा दिसत होती. मांडवात कृष्णा बांधली होती, शिंगांना झेंडूची माळ, पाठीवर कुणाची तरी जरीची ओढणी. रात्रभराची भुकेली होती बिचारी. आरती झाली आणि रांग लागली. परातीतून मूठ-मूठ हिरवा चारा उचलायचा, गाईच्या तोंडाशी धरायचा, नवऱ्यानं फोटो काढायचा. चारा सकाळपासून उन्हात पडून जरा मलूल झाला होता, पण कृष्णा ओढून ओढून खात होती. गुरुनाथकाका माईकवरून सांगत होते, "बघा बघा, किती प्रेमानं खातेय! शी नोज वी आर फॅमिली!"

काय ही माणसं, ज्ञानदा मनात म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा गाईला हात लावतायत आणि फॅमिली म्हणे.

मग मांडवातला आवाज बदलला. आधी हसण्यासारखं वाटलं, मग कुणीतरी किंचाळलं. ज्ञानदा धावली.

कृष्णा पाय फाकून उभी होती आणि थरथरत होती. तोंड उघडं, श्वास भात्यासारखा. माळ गळ्यात आली होती. ज्ञानदा पोचायच्या आत तिचे पुढचे गुडघे मोडले आणि ती परातीवरच कोसळली. ज्ञानदानं तिचा ओठ वर केला. हिरड्या लालभडक, जास्वंदीसारख्या. मग तिनं परातीबाहेर सांडलेली मूठभर पाती उचलली, आणि मधली पांढरी शीर बघितली.

तिला सगळं कळलं. डॉक्टर चाळीस मैलांवर होता. तिनं फोन लावला, त्यानं 'निघतो' म्हटलं, आणि तो 'निघतो' म्हणत असतानाच कृष्णाचे पाय ताठ झाले. वासरू दाव्याला हिसडे देत ओरडत होतं. दीडशे माणसं गोल करून उभी होती, आणि त्यातली निम्मी अजून फोन वर धरून होती.

"व्हॉट हॅपन्ड?" गुरुनाथकाका माईक हातात धरूनच आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वसुबारसेला, मंडळासमोर, स्वतःच्या मांडवात गाय मेली होती. "ज्ञानदा? काय झालं हे?"

"हे गवत," ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ आला, वर्गात यायचा तसा. "हे जॉन्सन ग्रास आहे. हिम पडल्यावर यात सायनाइड तयार होतं. उपाशी पोटी एवढं खाल्लं की जनावर वाचत नाही."

"सायनाइड!" गर्दीतून लाट गेली. आयांनी मुलांचे हात पुसायला घेतले.

"हे कुणी कापलं?" काका गरजले.

"मी," शोभनाकाकू म्हणाल्या. त्या खाली बसून वासराचं दावं सोडत होत्या.

"तू! शोभना, तुला कुणी सांगितलं होतं? ही एवढी पीएचडी इथे उभी आहे, एका शब्दानं विचारायचं नाही? अक्कल काय डब्यात भरून ठेवलीयेस?" मग ते ज्ञानदाकडे वळले. "तू इन्स्ट्रक्शन्स दिल्या होत्यास ना? की तूही काही बोलली नाहीस? टेल मी क्लिअरली."

ज्ञानदानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. या तोंडातून पुढच्या क्षणी 'बास झालं तुझं रिसर्च' येऊ शकत होतं. चोवीस पिंजरे, तीन वर्षं, आणि तीन आठवडे बाकी. तिनं शोभनाकाकूंकडे बघितलं नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "ओढ्याकाठचं कापू नका म्हणून."

गर्दीनं सुस्कारा सोडला. आता सगळं जागच्या जागी बसलं होतं. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. ज्ञानदानं त्यांच्या चेहऱ्यांवरचा भाव ओळखला, शोभनाकाकूंकडे बघण्याचा. तो तिचाच होता, गेली तीन वर्षं तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असलेला. दुसऱ्यांच्या तोंडावर तो फार हलकट दिसत होता.

"शोभना? सांगितलं होतं तिनं?"

काकूंनी मान वर केली. वासराचं तोंड त्यांच्या पैठणीच्या निऱ्यांत शिरलं होतं. त्यांनी ज्ञानदाकडे नीट, सावकाश बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

"अनबिलिव्हेबल!" काका म्हणाले, आणि मग सवयीनं माईक तोंडाशी नेला. "फ्रेंड्स, आय ॲम सो सॉरी. ज्ञानदासारख्या एक्स्पर्टचं ऐकायला हवं होतं. ज्ञानदा, यू कंटिन्यू युअर वर्क. जे लागेल ते सांग."

माणसं पांगायला अर्धा तास लागला. जेवण कुणी केलं नाही, पण डबे सगळ्यांनी भरून घेतले. डॉक्टर आला, त्यानं दोन प्रश्न विचारले, मान हलवली आणि गेला. काका कुणाशी तरी फोनवर बोलत, गाय कुठे पुरायची ते ठरवत होते.

ज्ञानदा गोठ्यात गेली. शोभनाकाकू पैठणीचा पदर खोचून कोमट पाण्यात दुधाची पावडर कालवत होत्या. वासरू त्यांच्या बोटांना लुचत होतं. तिथे वास होता तो शेणाचा आणि दुधाचा. फोडणीचा नव्हता.

"काकू," ज्ञानदा म्हणाली. "थँक यू. माझ्यासाठी तुम्ही... माझी तीन वर्षं..."

"तुझ्यासाठी?" काकूंनी हात थांबवला नाही. "आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं, कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यात जनावर सोडायचं नाही. मी ते तुला सांगायला आले होते, विचारायला नाही. तू वर बघितलंसुद्धा नाहीस. मग मलाच वाटलं, ही एवढी शिकलेली, आपण काय बोलायचं. ती माझी चूक, ती मी सगळ्यांपुढे कबूल केली."

"पण मी खोटं बोलले ते—"

"ते तुझं तू बघ. दीडशे माणसांत मी तुझ्याशी हुज्जत घालू? कशासाठी? भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं गं."

हे त्या आवाज न चढवता बोलल्या, चहात साखर नाही हे सांगावं तसं. ज्ञानदाला काहीतरी म्हणायचं होतं. म्हणजे काकांकडे जायचं होतं, आत्ता, गाडीपाशी उभे होते तिथे, आणि चार वाक्यांत खरं सांगायचं होतं. ती चार वाक्यं तिच्या तोंडात तयार होती. गोठ्याच्या दारातून पलीकडे सहावा भाग दिसत होता. लाल फिती जागच्या जागी होत्या. दिवसभरात एक पातंही तुटलं नव्हतं.

"जा," काकू म्हणाल्या. "तुझं गवत शाबूत आहे ना? वेळेवर काप."

आणि तीन आठवड्यांनी, ठरल्या दिवशी सकाळी सातला येऊन, ज्ञानदानं ते कापलं.